कळंबचा काळोख कोण राखणार?

कर्जत-मुरबाड रस्त्यावरचे कळंब हे गाव खगोलशास्त्राच्या कोणत्याही नकाशावर नाही. भोवतालच्या ठाकूर-कातकरी वाड्यांची बाजाराची जागा, भाताची खाचरे, पूर्वेला भीमाशंकरच्या रांगेची उभी भिंत आणि पश्चिमेला माथेरानचा डोंगर, एवढीच त्याची ओळख. तथापि कार्तिक-मार्गशीर्षातील अमावास्येला, पावसाने धुतलेली हवा अजून स्वच्छ असताना, या टापूतील एखाद्या बांधावर उभे राहून पाहणाऱ्यास एकाच आकाशाचे दोन तुकडे दिसतात. पूर्वेकडे तारे थेट डोंगराच्या कडेपर्यंत उतरलेले असतात. पश्चिमेकडे माथेरानच्या पाठीमागून पिवळट-पांढरा उजेड बराच वर चढलेला असतो. त्या उजेडाखाली पनवेल, नवी मुंबई, बदलापूर आणि कल्याण ही शहरे आहेत.

या दोन तुकड्यांतील सीमारेषा सरकते आहे, आणि ती कोणत्या दिशेने सरकते आहे हे सांगायला ज्योतिर्विदाची गरज नाही. ती नेमकी किती सरकली, याची नोंद मात्र एका लहानशा वर्गाकडे आहे. तारकागुच्छ आणि दीर्घिका यांची छायाचित्रे टिपणारे हौशी निरीक्षक हा तो वर्ग. दिवसा बँकेत, कारखान्यात वा शाळेत काम करणारी ही मंडळी अमावास्येच्या अलीकडच्या-पलीकडच्या शनिवारी दुर्बीण, कॅमेरा, बॅटरी आणि चादरी घेऊन कर्जतच्या लोकलमध्ये बसतात किंवा चार जणांत एक गाडी करतात. त्यांच्या छंदाचा कच्चा माल म्हणजे अंधार, आणि तो बाजारात विकत मिळत नाही.

मुंबईच्या आकाशनिरीक्षणाच्या चळवळीला मध्य रेल्वेच्या या मार्गाचे मोठे ऋण आहे. १९८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू येऊन गेला, त्या सुमारास मुंबईत 'खगोल मंडळ' उभे राहिले आणि या मंडळाने बदलापूर व नेरळ यांच्या मधले वांगणी हे आपले निरीक्षणाचे ठिकाण केले. वांगणीच्या त्या रात्रींत सप्तर्षी आणि शर्मिष्ठा प्रथमच ओळखलेल्या मुंबईकर मुलांच्या आता दोन पिढ्या झाल्या. पुण्यात तर ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हेच काम करते आहे. हौशी खगोलप्रेमींची ती देशातील सर्वांत जुनी संस्था. नोकऱ्या सांभाळून, वर्गणी काढून, कोणत्याही गाजावाजाविना इतकी वर्षे चाललेले असे काम महाराष्ट्रात फार थोडे आहे, आणि त्याची दखल वृत्तपत्रांतून ग्रहणाच्या दिवसापुरतीच घेतली जाते.

हे छायाचित्रण म्हणजे नेमके काय, हे समजून घेतल्याविना त्याला अंधार का लागतो हे उमगत नाही. देवयानी तारकासमूहातील प्रसिद्ध दीर्घिका, शास्त्रज्ञ जिला एम ३१ म्हणतात, कळंबच्या बांधावरून नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपक्यासारखी दिसते. तो ठिपका म्हणजे तिचा केवळ गाभा. तिचा सगळा विस्तार डोळ्यांना दिसता, तर तो पूर्ण चंद्राच्या सहापट रुंद भरला असता. परंतु डोळा प्रकाश साठवू शकत नाही. कॅमेरा साठवू शकतो. म्हणून दुर्बिणीला कॅमेरा जोडून दोन-दोन मिनिटांची शंभर-दीडशे छायाचित्रे घ्यायची आणि नंतर संगणकावर ती एकावर एक रचायची. प्रत्येक चित्रातील कणकण गोंधळ वेगळा असतो, दीर्घिकेचा प्रकाश मात्र प्रत्येकात तोच असतो. शंभर चित्रे रचली की प्रकाशाच्या तुलनेत गोंधळ दहा पटींनी घटतो, आणि त्या धुरकट ठिपक्याभोवती हळूहळू सर्पिल भुजा उमटू लागतात. पंचवीस लाख वर्षांपूर्वी तेथून निघालेला प्रकाश अशा रीतीने रायगड जिल्ह्यातील एका शेतात गोळा होतो.

सांगायला सोपे, करायला कष्टाचे. पृथ्वी फिरते, त्यामुळे दर चार मिनिटांनी आकाश एक अंश सरकते. दुर्बिणीची बैठक पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवून तिला उलट दिशेने, अगदी मंद गतीने फिरवावे लागते. त्यासाठी ध्रुव साधावा लागतो आणि कळंबच्या अक्षांशावर ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर असतो. एखादा आंबा वा टेकाड आडवे आले की पुन्हा सगळे सामान उचलायचे. कोकणची हवा दमट, तेव्हा मध्यरात्रीनंतर भिंगावर दव धरते. जून ते सप्टेंबर आकाशच नाही. फाल्गुनानंतर शेतकऱ्यांच्या राब भाजणीचा धूर आणि उन्हाळ्याची धूळ. म्हणजे वर्षाकाठी हाती लागणाऱ्या चांगल्या अमावास्या पाच-सहा, आणि त्यांतही नोकरदाराला जमेल अशी रात्र एखादीच. घरातील वडीलधारी माणसे पंचांग उघडून तिथी पाहतात, तसेच हे तरुणही पाहतात. चंद्र केव्हा उगवणार, कोणत्या नक्षत्रात असणार, हे त्यांच्या दृष्टीने रात्रीचे वेळापत्रक असते.

हा श्रीमंतांचा शौक आहे, असा एक सार्वत्रिक समज आहे. परदेशी बनावटीच्या बैठका आणि शीतक बसवलेले कॅमेरे महाग आहेत, हे खरेच. परंतु आरंभ तेथून करावा लागत नाही. साधा कॅमेरा तिपाईवर ठेवून, पन्नास मिलिमीटरच्या भिंगाने सात-आठ सेकंद प्रकाश घेतला तरी कृत्तिकांचा पुंजका डोळ्यांना दिसतो त्याहून अधिक ताऱ्यांसह उमटतो. शिवाय या मातीत आणखी एक परंपरा आहे: हाताने आरसा घासण्याची. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या 'आयुका'ने दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या. काचेच्या दोन तबकड्या एकमेकींवर तासन्‌तास घासून मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहून सूक्ष्म अचूकता सामान्य माणसाच्या हातांनी साधता येते, हे त्यातून अनेकांना कळले. ज्याने स्वतः आरसा घासला, त्याची बाजारातून आणलेल्या वस्तूकडे पाहण्याची दृष्टीही बदलते.

कृत्तिकांचा उल्लेख आला, तेव्हा थोडे विषयांतर. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असे विधान शतपथ ब्राह्मणात आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास' या ग्रंथात त्यावरून त्या निरीक्षणाचा काळ काढण्याचा प्रयत्न केला. त्या कालनिर्णयावरचा वाद आजही मिटलेला नाही. पण वादाच्या दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य करावीच लागेल. हे वाक्य लिहिणारा माणूस आकाशाकडे पाहत होता, आणि एकदाच नव्हे, वर्षानुवर्षे पाहत होता. आज त्या वाक्याचा अभिमान सांगणारे पुष्कळ भेटतात. कृत्तिका कोणत्या महिन्यात, कोठे उगवतात हे बोटाने दाखवणारे फारसे भेटत नाहीत. सुमारे ४४० प्रकाशवर्षे अंतरावरच्या या गुच्छातून आज कळंबला पोहोचणारा प्रकाश निघाला, तेव्हा शिवछत्रपतींच्या जन्माला अजून जवळपास अर्धशतक अवकाश होता. घरातील मुलाला हे एक वाक्य अंगणात उभे राहून सांगता येते. त्यासाठी अंगणातून कृत्तिका दिसायला हव्यात, एवढीच अट.

हौशी माणसाच्या या उद्योगातून शास्त्राला काय मिळते? या प्रश्नाचे उत्तर इतिहासातच आहे, कारण आकाशाच्या छायाचित्रणाचा पायाच मुळी हौशी लोकांनी घातला. मृगातील तेजोमेघाचे गाजलेले छायाचित्र १८८३ मध्ये काढणारा अँड्र्यू कॉमन व्यवसायाने अभियंता होता. डिसेंबर १८८८ मध्ये देवयानी दीर्घिकेच्या सर्पिल भुजा प्रथम स्पष्टपणे टिपणारा आयझॅक रॉबर्ट्स बांधकाम व्यवसायात पैसा मिळवून आकाशाकडे वळलेला गृहस्थ होता. त्याच १८८८ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून, महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. तिचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला. तिची वीस इंची दुर्बीण त्या काळी देशातील सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकून छायाचित्रणाच्या साहाय्याने वेध घेतले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही तेव्हा जेऊरलाच उतरली होती. पारतंत्र्याच्या काळात एक भारतीय शास्त्रज्ञ जगातील अग्रगण्य वेधशाळेच्या शेजारी आपला तंबू ठोकतो, ही घटना शालेय पाठ्यपुस्तकात असायला हवी होती. पुढे १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद झाली. तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. एका माणसावर उभी असलेली संस्था त्या माणसाबरोबर कशी मिटते, याचे हे उदाहरण कार्यकर्त्यांनी तरी विसरू नये. पुण्यात पुन्हा संघटित प्रयत्न सुरू व्हायला १९४४ साल उजाडावे लागले.

आणि हा सगळा जुना इतिहास आहे असेही नाही. अर्जेंटिनातील रोसारियो शहरात व्हिक्टर बूसो नावाचा कुलुपे दुरुस्त करणारा कारागीर आहे. २० सप्टेंबर २०१६ च्या रात्री तो घराच्या छपरावरील चाळीस सेंटिमीटरच्या दुर्बिणीला नवा कॅमेरा लावून पाहत होता. समोर सापडलेल्या एका दीर्घिकेची तो एकामागून एक छायाचित्रे घेत गेला आणि काही चित्रांनंतर तिच्या कडेला आधी नसलेला एक ठिपका उजळत जाताना त्याला दिसला. एका ताऱ्याचा स्फोट होऊन त्याचा पहिला प्रकाश बाहेर पडण्याचा तो क्षण होता. व्यावसायिक वेधशाळांना तो क्षण असा कधी हाती लागला नव्हता. २०१८ मध्ये 'नेचर' या विज्ञाननियतकालिकात त्यावरचा शोधनिबंध आला, तेव्हा लेखकांत या कारागिराचेही नाव होते. मे २०२३ मध्ये सप्तर्षीतील एम १०१ या दीर्घिकेतील नवा अतिनवतारा शोधला तो जपानच्या कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकाने. त्याच वर्षी जानेवारीत, देवयानी दीर्घिकेच्या शेजारी आयनीभूत प्राणवायूची एक मोठी कमान हौशी छायाचित्रकारांच्या गटाने जाहीर केली. जगात सर्वाधिक छायाचित्रित झालेली ही दीर्घिका. तरीही ती कमान तोवर कोणाला दिसली नव्हती. त्यासाठी त्यांनी शंभराहून अधिक तासांचा प्रकाश गोळा केला होता. मोठ्या दुर्बिणींकडे असा निवांत वेळ नसतो, तो हौशी माणसाकडे असतो.

पण कोणत्या आकाशाखाली? येथे गणित कठोर आहे. आकाश दुप्पट उजळले, की त्याच दर्जाच्या चित्राला सुमारे दुप्पट वेळ लागतो. चार तासांचे काम आठ तासांचे होते, आणि आठ तास एका रात्रीत बसत नाहीत. महिन्यातून एक शनिवार मिळणाऱ्या माणसाचे चित्र मग पुढच्या अमावास्येवर जाते आणि तेव्हा ढग आले तर पुढच्या वर्षावर. 'सायन्स' या नियतकालिकात २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जगभरच्या नागरिकांनी २०११ ते २०२२ या काळात नोंदवलेल्या ताऱ्यांच्या संख्येवरून आकाशाचा उजेड दरवर्षी सरासरी साडेनऊ टक्क्यांहून अधिक वेगाने वाढत असल्याचे अनुमान निघाले. ज्या गावात मूल जन्मताना अडीचशे तारे दिसतात, तेथे ते अठरा वर्षांचे होईपर्यंत शंभरच उरतील, असा त्याचा अर्थ संशोधकांनी सांगितला. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत हा वेग काय असेल याचा अंदाज फार्महाऊस, रिसॉर्ट आणि दुसऱ्या घरांच्या जाहिराती वाचणाऱ्याला करता येईल. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच्या परिसरात वसाहती वाढणार, हे उघड आहे.

या टापूला निसर्गाने एक देणगी दिली आहे, तिची हानी तर अधिकच लागणारी आहे. नरतुरंग तारकासमूहातील ओमेगा सेंटॉरी हा आपल्या आकाशगंगेतील सर्वांत मोठा बंदिस्त तारकागुच्छ. सुमारे एक कोटी तारे, अंतर सतरा हजार प्रकाशवर्षे. लंडनहून तो कधीच उगवत नाही. दिल्लीहून तो क्षितिजाच्या वर जेमतेम चौदा अंश येतो. कळंबहून तो चैत्र-वैशाखाच्या रात्री दक्षिणेला तेवीस अंशांपर्यंत चढतो. युरोपातील निरीक्षक ज्यासाठी विमानाचे तिकीट काढतात, ते कर्जतच्या शेतकऱ्याच्या खळ्यावरून दिसते. मात्र दक्षिणेलाच कर्जत आणि खोपोली आहेत, आणि क्षितिजालगतचा उजेड सर्वांत आधी गिळतो तो अशा खाली राहणाऱ्या गुच्छांना.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या वाड्यांत वीज पोहोचायलाच दशके लागली, जेथे रात्री सापाच्या भीतीने माणूस पाय जपून टाकतो, जेथे अंधारात बाईला पाण्याला वा परसाकडे जावे लागे, तेथे मुंबईहून दुर्बीण घेऊन आलेल्याने अंधाराचे गुणगान करावे काय? मुळीच करू नये. वाडीवरचा दिवा हा वाडीचा हक्क आहे, आणि तारे दिसावेत म्हणून तो कोणी नाकारू लागला तर त्याला गावाने परत पाठवावे. मात्र आकाश बिघडवतो तो वाडीवरचा दिवा नव्हे. रिसॉर्टच्या फाटकावरचे आडवे फोकस, लग्नाच्या लॉनवरून ढगांवर सोडलेले झोत, रिकाम्या बंगल्यांच्या कुंपणावर रात्रभर जळणाऱ्या माळा, आणि लोकप्रतिनिधींच्या निधीतून चौकाचौकांत उभे राहिलेले हायमास्ट आकाश बिघडवतात. हायमास्ट हा तर अलीकडे विकासाचा पुतळाच झाला आहे. त्याचा बराचसा उजेड आजूबाजूच्या भातशेतीवर आणि घरांच्या खिडक्यांवर पडतो, आणि तो बसवताना त्याची तोंडे किती अंशांत वळवावीत हे कोणी विचारत नाही. मंदिरांच्या शिखरांवर खालून वर सोडलेले रंगीत झोतही या यादीत येतात, हे आपल्या माणसांनी कानांआड करू नये.

२०१५ पासून देशभर एलईडी पथदिवे बसवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला गेला आणि एक कोटीहून अधिक दिवे बदलले गेले. विजेची मोठी बचत झाली, हे निर्विवाद. त्याच वेळी जुन्या पिवळ्या दिव्यांच्या जागी थंड पांढरा उजेड आला आणि त्यातील निळा अंश हवेत अधिक विखुरतो. आकाश दिवसा निळे दिसते त्याच कारणाने रात्रीही ते उजळते. उपाय खर्चीक नाही: दिव्याला वरून टोपण, तोंड खाली, उबदार पिवळसर छटा, आणि मध्यरात्रीनंतर जेथे वर्दळ नाही तेथे मंद किंवा बंद. रस्त्यावर जितका उजेड हवा तितका पडतो, उलट डोळे दिपत नाहीत म्हणून साप अधिक स्पष्ट दिसतो.

महाराष्ट्रातच हे घडले आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क' अशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, भारतातील पहिली. त्यासाठी वनखात्याने बफर क्षेत्रातील गावांचे शंभराहून अधिक दिवे बदलून खाली तोंड असलेले बसवले आणि निरीक्षणासाठी मनोरा उभारला. लडाखमधील हानले येथे डिसेंबर २०२२ मध्ये असेच राखीव क्षेत्र जाहीर झाले. तेथे स्थानिक तरुण-तरुणींना दुर्बिणी देऊन, प्रशिक्षण देऊन पर्यटकांना आकाश दाखवण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवले आहे. कळंब काही हानले नव्हे. मुंबईच्या इतक्या जवळ तसा अंधार पुन्हा मिळणार नाही. परंतु भीमाशंकरच्या पायथ्याकडील खांडस, अंबिवलीपर्यंतच्या पट्ट्यात आज जे आहे ते टिकवता येईल, आणि ज्या ठाकूरवाडीच्या मुलाला आज रिसॉर्टच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभे राहावे लागते, त्याला देवयानी दाखवून त्याहून अधिक मानाचे चार पैसे मिळवता येतील.

प्रश्न एवढाच उरतो की हा विषय मांडायचा कोणी आणि कोठे. ग्रामसभा २ ऑक्टोबरला होते. तोवर गावातील हायमास्ट आणि पथदिवे मोजून, त्यांतील किती दिव्यांचे तोंड आडवे वा वर आहे याची यादी दहावीतील चार मुले एका संध्याकाळी करू शकतात. नवीन रिसॉर्टला ना-हरकत देताना बाहेरील दिव्यांची अट घालण्याचा ठराव मांडायला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. मुंबई-पुण्याच्या खगोल मंडळींनीही केवळ शेत भाड्याने घेऊन रात्र काढण्याऐवजी त्या ग्रामसभेला यावे, आपण काढलेली चित्रे शाळेच्या भिंतीवर लावावीत, आणि ती कोणत्या बांधावरून काढली ते खाली लिहावे. आश्विनातील अमावास्येला दिवाळी असते, तेव्हा गावातील पणत्या कोणाच्या आड येत नाहीत. त्या रात्री फटाके शांत झाल्यावर, दहाच्या सुमारास, देवयानी जवळपास डोक्यावर आलेली असते.